आम्लारीला किती आम्ल लागेल? उत्तर किती पट चुकले, यावरून चूक ओळखा

दिलेल्या आम्लारीचे उदासिनीकरण करण्यासाठी किती आम्ल लागेल, हे गणित बारावीपासून पदवीच्या प्रात्यक्षिकांपर्यंत सर्वत्र येते आणि बहुतेक वेळा त्याच ठरावीक ठिकाणी चुकते. उत्तर चुकले की विद्यार्थी गुणाकार-भागाकार पुन्हा तपासतात. परंतु आधी उत्तर नेमके किती पट चुकले आहे ते पाहावे, कारण त्या पटीतच बहुधा चुकीचे कारण दडलेले असते.

उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मे येत असेल, तर संतुलित समीकरण न लिहिताच ‘एम-एक व्ही-एक बरोबर एम-दोन व्ही-दोन’ (एम म्हणजे मोलर संहती, अर्थात दर लिटरमागील मोल, आणि व्ही म्हणजे आकारमान) हे सूत्र वापरले गेले आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या २५ मिलिलिटर द्रावणात ५ मिलिमोल आम्लारी असते. सल्फ्युरिक आम्लाचा एक मोल दोन मोल सोडियम हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया करतो, म्हणून येथे २.५ मिलिमोल आम्ल, अर्थात ०.१ मोलर द्रावणाचे २५ मिलिलिटर, पुरते. वरील सूत्र मात्र ५० मिलिलिटर सांगते. ते सूत्र मुळात द्रावण विरल करण्यासाठी आहे, आणि अभिक्रियेतील प्रमाण एकास एक असेल तेव्हाच ते येथे योग्य उत्तर देते. म्हणून आधी समीकरण, मग मोल आणि सर्वांत शेवटी मिलिलिटर, हा क्रम कधीही मोडू नये.

नागपुरात या चुकीचे तिप्पट रूपही भेटते, कारण संत्र्याच्या रसाची आम्लता मोजणे हा येथे सहज सुचणारा प्रकल्प आहे. संत्र्यातील प्रमुख आम्ल सायट्रिक असून त्याच्या एका रेणूत विस्थापनीय, म्हणजे आम्लारीशी अभिक्रिया करणारे, हायड्रोजन तीन असतात. समजा, १० मिलिलिटर रसाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे १० मिलिलिटर लागले, तर आम्लारी १ मिलिमोल आणि सायट्रिक आम्ल त्याच्या एक तृतीयांश होते. रेणुवस्तुमान १९२ धरल्यास ते ०.०६४ ग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटर रसात ०.६४ ग्रॅम भरते. तिनाने भागायचे राहिले, तर १.९२ ग्रॅम असे उत्तर येते, जे लिंबाच्या नव्हे तर संत्र्याच्या रसासाठी खटकायलाच हवे.

उत्तर १.४ पट चुकले असेल, तर ऑक्झॅलिक आम्लाच्या बाटलीवरील लेबल वाचावे. प्रयोगशाळेतील स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू असतात आणि त्यांचे रेणुवस्तुमान १२६ असते. निर्जल आम्लाचे ९० धरले, तर आम्लाचे मोल प्रत्यक्षापेक्षा १.४ पट मोजले जातात. १.२ पटीच्या आसपासचा घोळ बहुधा संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीशी संबंधित असतो. तिच्यावरील ३७ टक्के हे वस्तुमानाचे प्रमाण आहे, आकारमानाचे नव्हे, घनता १.१८ लक्षात घेतली की संहती सुमारे १२ मोलर येते, न घेतल्यास जेमतेम १०.

काही टक्क्यांचा फरक शोधणे अधिक अवघड असते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, आणि पावसाळ्यात तर तोलता तोलताच त्या पाणावतात. त्यामुळे ४ ग्रॅम तोलून एक लिटर केलेले द्रावण ०.१ मोलर आहे, असे गृहीत धरू नये. ऑक्झॅलिक आम्लाने किंवा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने त्याची संहती निश्चित करावी. शंका असल्यास तेच द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लाने एकदा फिनॉल्फ्थॅलीन आणि एकदा मिथिल ऑरेंज हा दर्शक (रंग बदलून अभिक्रियेचा शेवट दाखवणारा पदार्थ) वापरून अनुमापित करावे, म्हणजे थेंबाथेंबाने आम्ल घालून नेमके किती लागते ते मोजावे. कार्बोनेट असेल तर मिथिल ऑरेंजला अधिक आम्ल लागते, कारण फिनॉल्फ्थॅलीनचा रंग कार्बोनेटचे बायकार्बोनेट होताच जातो.

दर्शकाची निवड आणखी एका गैरसमजाशी जोडलेली आहे. ॲसिटिक आम्ल सौम्य असल्याने ते अधिक लागेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे तितकेच मोल लागतात, कारण आम्लारी संपेपर्यंत त्याचे विचरण होत राहते, म्हणजे त्यातून हायड्रोजन आयन सुटत राहतात. फक्त समतुल्यता बिंदूचा, म्हणजे आम्ल व आम्लारी नेमके पुरे पडतात त्या क्षणाचा, सामू (पीएच) ७ ऐवजी सुमारे ८.७ असतो. म्हणून तेथे फिनॉल्फ्थॅलीन चालते, मिथिल ऑरेंज चालत नाही.

अर्ध्या टक्क्याचा फरक उरला, तर तापमान पाहावे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २० अंशांना बनवलेले द्रावण ४० अंशांना सुमारे ०.६ टक्के प्रसरण पावते, त्यामुळे ०.१ मोलर द्रावण ०.०९९४ मोलर होते. ज्या दिवशी अनुमापन करायचे, त्याच दिवशी, त्याच खोलीत द्रावणाची संहती निश्चित केली, की ही त्रुटी बहुतांशी निघून जाते.