आर३५ जीटी-आर घेताय? पाहणी मागून सुरू करा

निसान जीटी-आरचा, म्हणजे तिच्या आर३५ पिढीचा, सौदा करायला गेलं की बहुतेक जण आधी बॉनेट उघडायला लावतात. खाली ३.८ लिटरचं, दोन टर्बोचं व्ही६ इंजिन दिसतं आणि मन तिथेच ठरून जातं. पण या गाडीत इंजिन क्वचितच दगा देतं. खर्चात पाडतो तो मागच्या चाकांमधला गिअरबॉक्स. सोलापुरात ४२-४३ अंशांच्या उन्हात ही गाडी ठेवायची असेल तर त्या गिअरबॉक्सचा इतिहास तुम्हाला पाठ हवा.

गिअरबॉक्स मागे का, हे कळलं की काय तपासायचं तेही कळतं. २००१ च्या टोकियो मोटर शोमध्ये निसानने जीटी-आरची संकल्पना दाखवली, २००५ मध्ये प्रोटोटाइप आणला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये तयार गाडी लोकांसमोर ठेवली. प्रमुख अभियंते होते काझुतोशी मिझुनो. चारही चाकांना ताकद द्यायची आणि वजन पुढे एकवटू द्यायचं नाही, म्हणून त्यांनी गिअरबॉक्स, दोन ओले (तेलात चालणारे) क्लच आणि ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा भाग) असा सगळा संच मागे नेला. इंजिनाची ताकद कार्बन फायबरच्या शाफ्टमधून मागे जाते आणि पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या शाफ्टमधून परत पुढे येते. १७०० किलोंच्या वरची ही गाडी वळणावर इतकी हलकी वाटते ती याच मांडणीमुळे. २०१३ मध्ये निस्मो (निसानच्या रेसिंग विभागाच्या) आवृत्तीने जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग ट्रॅकची फेरी ७ मिनिटं ८.६७९ सेकंदांत मारली, त्यातही या मांडणीचा मोठा वाटा. किंमत मात्र मालकाला मोजावी लागते. आतलं काहीही बिघडलं तरी अख्खा संच खाली उतरवावा लागतो.

आता पाहणी. आदल्या दिवशीच विकणाऱ्याला सांगून ठेवा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू करून आवाज ऐका, मग अर्धा तास चालवून आणा आणि न्यूट्रलमध्ये उभी करून पुन्हा ऐका. इंजिनाच्या मागच्या टोकाला, साधारण गिअर लिव्हरच्या खालून, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या घरातलं बेअरिंग सैल झालंय. त्याला बेल हाउसिंगचा आवाज म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांचं हे ओळखीचं दुखणं आहे आणि गाडी तापली की ते वाढतं. त्याने गाडी रस्त्यात बंद पडत नाही, पण दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करूनच बोला.

दुसऱ्या एका आवाजाला मात्र लोक उगाच घाबरतात. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली की मागून खट-खट येते आणि पुढची चाकं घसटल्यासारखी वाटतात. मागच्या दोन चाकांना एकमेकांपेक्षा फार वेगळ्या वेगाने फिरू न देणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा तो स्वभाव आहे. तेल जुनं असेल तर आवाज जास्त येतो. तेल बदलून कमी झाला तर चिंता सोडा.

गिअरबॉक्सची खरी परीक्षा गर्दीत होते. ऑटो मोडवर ठेवून पहिल्यातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात जाताना धक्का बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबते का, एखादा गिअर लागतच नाही असं होतं का, ते पाहा. हलका झटका असेल तर क्लचचा टच-पॉइंट (तो धरायला लागतो ती जागा) स्कॅनरवरून पुन्हा शिकवून तो जाऊ शकतो. गिअर गायब होत असेल तर सोलेनॉइड (तेलाचा दाब वळवणारी विजेची झडप), शाफ्टवरची सर्क्लिप (भाग जागेवर धरणारी कडी) किंवा आतली लोखंडी भुकटी यातलं काहीतरी आहे. मग ती गाडी तिथेच सोडा.

शक्य असेल तर व्यवहाराआधी, तुमच्या खर्चाने, गिअरबॉक्सचं तेल बदलून घ्या आणि निघालेलं तेल डोळ्यांनी बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असणं ठीक. दोन बोटांत चोळल्यावर टोचणारे चमकते कण लागले तर दात किंवा बेअरिंग झिजतंय. हे तेल या गाडीसाठीच बनवलेलं असतं, सुमारे १० लिटर लागतं, आणि पातळी ठराविक तापमानाला, स्कॅनर लावून मोजावी लागते. कुणी ‘साधं डीसीटी ऑइल (दोन क्लचच्या गिअरबॉक्सचं तेल) चालतं’ म्हणाला तर त्याच्या हातात चावी देऊ नका. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलची तेलं वेगळी, त्यांचीही बिलं मागा.

लॉन्च कंट्रोल (उभ्या गाडीला पूर्ण जोराने सोडायची सोय) किती वेळा वापरलाय हे बोलण्यावर सोडू नका. गाडीत स्थिती नोंदवणारा रेकॉर्डर असतो. निसानचं कन्सल्ट (गाडीचा संगणक वाचणारं) यंत्र असलेल्या ठिकाणी त्याची नोंद वाचून घ्या.

बाहेरून बघताना रंगाची जाडी मोजणारं यंत्र न्या, पण ॲल्युमिनियमवरही चालणारं. या गाडीचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत. नुसतं लोखंड ओळखणारं स्वस्त यंत्र तिथे गप्प बसतं आणि रंगवलेलं दार सुटून जातं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एका पत्र्यावर १२० आणि शेजारच्यावर २८० आलं तर तो पुन्हा रंगवलाय, आणि का रंगवलाय ते विचारा. दाराची सपाट हँडलं चार-पाच वेळा ओढून बघा. ती अडकतात.

ब्रेक डिस्क चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्चने बघा. भोकांभोवती केसासारख्या बारीक चिरा चालतात. एक चीर दोन भोकांना जोडत असेल किंवा कडेपर्यंत पोचली असेल तर डिस्क बाद. अशी चीर सांगते की गाडी ट्रॅकवर पिटली गेलीय. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. पुढे २५५/४० आणि मागे २८५/३५, २० इंची, तेही रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे). खाचा कितीही खोल दिसल्या तरी सहा वर्षांपुढचा टायर या गाडीला नको. आपल्याकडच्या उन्हाने रबर आतून कडक होतं.

कागदपत्रांत एक मोठा सापळा आहे. भारतात निसानने ही गाडी डिसेंबर २०१६ मध्ये आणली, एक्स-शोरूम १ कोटी ९९ लाखांना, ५७० पीएसच्या (मेट्रिक अश्वशक्तीच्या) इंजिनासह. त्याआधीच्या गाड्या खासगी आयातीच्या. त्या घेताना कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री मूळ प्रतीत पाहा आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. ‘जपानच्या लिलावातून २००९ ची मागवून देतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका: तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी वापरलेली म्हणून आयात करता येत नाही. कार्नेवर (कर न भरता तात्पुरत्या आयातीच्या कागदावर) आलेली गाडी विकताही येत नाही. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर धरूनच भाव ठरवा, नाहीतर एमएच-१३ ची, म्हणजे सोलापूरची, पाटी लागेपर्यंत हिशेब कोलमडतो.

संग्रहासाठी कोणती घ्यावी? ऑगस्ट २०२५ मध्ये आर३५ चं उत्पादन थांबलं. १८ वर्षांत सुमारे ४८,००० गाड्या झाल्या, आणि प्रत्येकीचं इंजिन एकेका ताकुमीने, म्हणजे निष्णात कारागिराने, हाताने जुळवलेलं. पहिल्या गाड्या ४८० पीएसच्या, पुढे ५३०, ५५०, ५७०, आणि निस्मो ६०० ची. निस्मो, टी-स्पेक, २००९ ची स्पेक व्ही या खास आवृत्त्यांमागे जगभरचे संग्राहक आहेतच. तरी आमचं मत असं की आपल्याकडे सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आहे ती न छेडलेली गाडी. या इंजिनातून ट्यूनिंगने ताकद सहज निघते, म्हणून बहुतेकांनी ती काढली. मूळ एक्झॉस्ट, मूळ ईसीयू (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) नकाशा, मूळ चाकं, दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक आणि प्रत्येक तेलाचं बिल असलेली साधी ५७० पीएसची गाडी सातशे पीएसच्या गाडीपेक्षा जास्त टिकेल आणि जास्त भावाने जाईल. आधीच्या मालकाने एक्झॉस्ट बदलला असेल तर मूळ नळ्या सौद्यातच मागून घ्या आणि चिठ्ठी लावून कोरड्या जागी ठेवा.

घरी आणल्यावर पहिलं काम पेट्रोलचं. या इंजिनाला ९८ ऑक्टेन हवं. ९५ चं भरलं तर जोर लावू नका, आणि ९१ चं साधं पेट्रोल टाकूच नका. उन्हाळ्यात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोक) लवकर होतं, ईसीयू ताकद कमी करतं आणि इंजिन तापतं. मॅन्युअल १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतं, म्हणून २० टक्क्यांचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने साठवू नका.

तापमान डोळ्यासमोर ठेवा. त्यासाठीच डॅशवरचा पडदा आहे. तो ग्रॅन टुरिस्मो खेळ बनवणाऱ्या पॉलिफोनी डिजिटलने आखला. इंजिन आणि ट्रान्समिशन, दोन्ही तेलं ७० अंशांवर गेल्याशिवाय ॲक्सिलरेटर अर्ध्यापुढे दाबू नका. सोलापुरात सात रस्त्याच्या गर्दीत किंवा गड्डा यात्रेच्या दिवसांत इंच-इंच सरकणं टाळा, कारण तेव्हा क्लच अर्धवट धरून घासत राहतात आणि तेल तापतं. पुढे जागा होऊ द्या, मग ब्रेक एकदम सोडा. थांबाल तिथे न्यूट्रल. तुळजापूरच्या घाटातून किंवा मोहोळकडून दमात आलात तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा आणि मगच बंद करा. टर्बो तेवढ्यात निवतात.

एअर फिल्टर दोन आहेत आणि काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. दर ५,००० किलोमीटरला दोन्ही काढून बघा. बोअरचं जड पाणी रंगावर सुकलं की पांढरे डाग कोरले जातात, म्हणून सावलीत धुवा, शेवटचं पाणी आरओचं घ्या आणि मायक्रोफायबरने लगेच टिपा. सोलापुरी टॉवेल अंगाला उत्तम, या रंगाला नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेला एक खडा गोल ओरखडे पाडतो. चादर पांघरूनही ठेवू नका, ती दमट हवा धरते. आत गॅरेजात असेल तर मऊ अस्तराचं, हवा खेळणारं कव्हर घ्या.

गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा चार्जर) लावा. इन्व्हर्टरच्या लाइनवर लावलात तर वीज गेली तरी चालू राहतो. टायरमध्ये नायट्रोजनच भरा आणि महिन्याला दाब तपासा. स्पीडब्रेकरवर एकेक चाक तिरकं चढवा, कारण खालची उंची जेमतेम १०५ मिलिमीटर आहे.

आणि एक नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा: पूर्ण सपाट, झुकणाऱ्या फ्लॅटबेडवाल्याचा. जाणकार गॅरेज पुण्यात, २५० किलोमीटरवर, नाहीतर हैदराबादला. पुढची दोन चाकं उचलून ओढणारी साधी टोइंग आली तर तिला हात लावू देऊ नका. मागची चाकं रस्त्यावर फिरली की ट्रान्सफर केस तेलाच्या दाबाशिवाय फिरते आणि जळते. हुक कुठे लावायचा तेही दाखवा: टो-हुक टूलकिटमध्ये असतो, बंपरमधलं छोटं झाकण काढून त्यात फिरवून बसतो.