पास्ता खायचा तर आधी मोजा, मग शिजवा

पास्ता म्हणजे मैदाच, असं आपल्याकडे सरसकट समजतात. खरा पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा. इटलीत सुक्या पास्त्यासाठी १९६७ पासून तसा कायदाच आहे. हा गहू आपल्यालाही परका नाही. वाण्याकडचा पिवळसर बन्सी रवा ड्युरमचाच. म्हणून दुकानातच पाकीट उलटं करून घटक वाचा. मैदा लिहिला असेल तर परत ठेवा.

मग वजन. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. पाकिटावरचे आकडे सुक्या पास्त्याचे असतात, १०० ग्रॅमला साधारण ३७० कॅलरी. शिजताना तो पाणी पितो आणि वजन दुपटीच्या वर जातं. त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये १५८च्या आसपास कॅलरी, ३१ ग्रॅम कर्बोदकं, जेमतेम ६ ग्रॅम प्रथिनं आणि २ ग्रॅमहूनही कमी तंतू मिळतात. तेव्हा कोरडाच तोला. इटलीत माणशी ८० ग्रॅम धरतात. भाज्या भरपूर घालणार असाल तर ६० पुरतो. एकदा काट्यावर तोलून तो कुठल्या वाटीत कुठवर येतो ते बघून ठेवा, म्हणजे रोज तोलायला नको.

शिजवताना १०० ग्रॅमला लिटरभर पाणी घ्या, खळखळून उकळू द्या, मीठ घाला. कुकर नको. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक नळी काढून दातांनी तोडा. मधोमध पांढुरका ठिपका दिसेल. तो नाहीसा होत आला की लगेच निथळा. आपल्या घरांत 'अजून जरा मऊ होऊ दे' म्हणायची सवय असते, ती इथे खरंच मोडायला हवी. पास्त्यातला स्टार्च ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाच्या, घट्ट जाळ्यात अडकलेला असतो, म्हणून तो सावकाश पचतो आणि पांढऱ्या ब्रेडइतकी साखर झपकन वाढवत नाही. जास्त शिजवलात की हे जाळं सैल पडतं. मधुमेह असेल तर प्रमाण मात्र डॉक्टरांनाच विचारा.

आता वरचा मसाला. पोषणाचा खरा निकाल इथे लागतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, त्यावर बटर-मैद्याचा पांढरा सॉस आणि चीज आलं की पास्ता स्वतः बिचारा बाजूलाच राहतो. एक चमचा तेलात भरपूर लसूण परता, टोमॅटो चांगले आटू द्या, ढोबळी मिरची, फरसबी, मटार घाला आणि मूठभर उकडलेला राजमा किंवा छोले. गव्हात लायसिन हा प्रथिनांचा एक गरजेचा घटक कमी असतो, कडधान्यं ती उणीव भरून काढतात. आपली वरणफळं याच जोडीवर उभी आहेत, आणि इटलीतल्या साध्या घरांतला घेवड्याच्या दाण्यांचा पास्ताही.

उरलेला पास्ता ओट्यावर रात्रभर ठेवू नका. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भरण्याआधी चांगली वाफ येईपर्यंत गरम करा.