गाडीच्या उशिराची खबर देणारी प्रवाशांची सेवा: या चुका टाळा

कोल्हापूर ते मिरज हा सुमारे ४८ किलोमीटरचा रेल्वेमार्ग एकेरी आहे, आणि त्यावर रोज ये-जा करणाऱ्या पासधारकाला गाडीच्या उशिराची पहिली खबर बहुधा सहप्रवाशाच्या संदेशातूनच मिळते. जयसिंगपूरला गाडीत बसलेला माणूस दोन ओळी लिहितो आणि त्यावर रुकडीच्या फलाटावरचा माणूस थांबायचे की स्टँडकडे वळायचे ते ठरवतो. ही सेवा उभी करायला पैसा लागत नाही, म्हणून असे व्हॉट्सअ‍ॅप गट उत्साहाने सुरू होतात. पण खबरेवर विसंबून वडापात, म्हणजे खासगी शेअर जीपमध्ये, बसलेल्या प्रवाशाला आपली गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाताना दोन-तीन वेळा दिसली की तो गट म्यूट करतो आणि पुन्हा कधी उघडत नाही. गट कशामुळे निकामी होतात हे ठरलेले असते. त्या चुका आणि त्यांवरचे उपाय पुढे दिले आहेत.

अर्धवट खबर

“गाडी लेट आहे भावा” या संदेशाचा कोणालाही उपयोग नसतो. कोणती गाडी, कोठे जाणारी, कोणत्या स्थानकावर, किती वाजता, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. त्यावर लगेच “कुठं आलीया?”, “कुठली, सकाळची का?” असे प्रश्न सुरू होतात आणि खरे उत्तर येईपर्यंत ते पंधरा-वीस संदेशांखाली दबलेले असते.

पावसाळ्यात पंचगंगेच्या पातळीचा जो संदेश जिल्हाभर फिरतो, त्याची घडण पाहण्यासारखी आहे: राजाराम बंधारा, अमुक फूट अमुक इंच, अमुक वाजता. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी हे कोल्हापूरकरांना पाठ असते, त्यामुळे जनावरे हलवायची की वाट पाहायची हे वाचणारा आपले आपण ठरवतो. पाणी उद्या कोठवर येईल याची भविष्यवाणी त्या ओळीत नसते. गाडीच्या खबरेलाही हेच वळण हवे. “११०२९ कोयना, हातकणंगले, १९:५० पासून उभी” एवढे पुरे आहे. वेळ संदेशातच लिहावी, कारण वाटेत रेंज गेली तर संदेश उशिरा पोहोचतो आणि एकदा तो फॉरवर्ड झाला की मूळ वेळ दिसतच नाही.

गाडीच्या नुसत्या नावानेही घोटाळा होतो. कोयना मुंबईहून येते तेव्हा तिचा क्रमांक ११०२९ असतो आणि कोल्हापुरातून जाते तेव्हा ११०३०. “अप” आणि “डाऊन” हे शब्द तर वापरूच नयेत. बोलताना ते सर्रास उलटे वापरले जातात. त्याऐवजी “मिरजेकडे” आणि “कोल्हापूरकडे” असे लिहावे. “सीएसएमटी” हे संक्षिप्त रूपही टाळावे, कारण या मार्गावरच्या काही गाड्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कोल्हापूरच्या श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसपर्यंत धावतात आणि घाईत वाचणारा हमखास गोंधळतो. सरळ “मुंबई” किंवा “कोल्हापूर” लिहिले की प्रश्न मिटतो.

नोंद सोडून भाकीत

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही आहे, आणि ती चांगल्या हेतूनेच होते. मिरजेतून गाडी २० मिनिटे उशिरा सुटली की कोणीतरी मदत म्हणून लिहितो, “हातकणंगल्याला २० मिनिटे लेट येईल.” एकेरी मार्गावर हा हिशेब टिकत नाही. समोरून येणाऱ्या गाडीशी क्रॉसिंग, म्हणजे एकीने थांबून दुसरीला वाट देणे, एखाद्या स्थानकावर ठरलेले असते. ही गाडी तेथे वेळेत पोहोचली नाही, तर कोणाला लूपवर (स्थानकातल्या बाजूच्या रुळावर) घ्यायचे आणि कोणाला आधी सोडायचे याचा निर्णय नियंत्रण कक्षात नव्याने होतो. त्यात पॅसेंजरला बहुधा एक्सप्रेससाठी थांबावे लागते, आणि १० मिनिटांच्या उशिराचा पाऊण तास होऊ शकतो. उलटही घडते. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला बहुधा जादा वेळ दिलेला असतो, त्यामुळे मिरजेत उशिरा आलेली एक्सप्रेस कोल्हापुरात जवळजवळ वेळेवर पोहोचते आणि तिला घ्यायला येणारा माणूस मात्र भाकितावर विसंबून घरीच बसलेला असतो.

यावरचा नियम सोपा असला तरी तो पाळून घ्यावा लागतो: डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे. अनुभवी पासधारकाचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, त्याला बंदी घालण्याचे कारण नाही. फक्त त्याने संदेशाच्या सुरुवातीला “अंदाज” हा शब्द लिहावा आणि नोंद वेगळ्या ओळीत द्यावी. अंदाजाचा एक प्रकार मात्र खरोखर कामाचा आहे. कोल्हापूर हे टर्मिनस असल्यामुळे आलेल्या पॅसेंजरचाच रेक (डब्यांचा संच) पुष्कळदा पुढची फेरी घेऊन परत जातो. येणारी गाडी अजून वळीवडेलाही पोहोचली नसेल, तर तिच्याच रेकने सुटणारी फेरी वेळेवर निघणार नाही हे उघड आहे. कोणती फेरी कोणत्या रेकने जाते हे गटातील जुन्या मंडळींना ठाऊक असते. ते एकदा लिहून गटाच्या माहितीत ठेवावे आणि वेळापत्रक बदलले की पुन्हा तपासावे.

शांततेचा चुकीचा अर्थ

गटावर काहीच आले नाही, म्हणजे गाडी वेळेवर आहे, असे सदस्य गृहीत धरतात. प्रत्यक्षात त्या दिवशी खबर देणाऱ्या ताई रजेवर असतात, किंवा शाळांना सुट्टी लागल्यामुळे नेहमी लिहिणारे शिक्षक गाडीतच नसतात. म्हणून उशिराप्रमाणेच वेळेवर सुटल्याची नोंदही यायला हवी: “मिरज सोडले, वेळेवर.” सकाळच्या आणि संध्याकाळच्या मुख्य गाड्यांसाठी ही एक ओळ सक्तीची ठेवावी, बाकीच्यांसाठी नको.

खबर देणारे दोन टोकांनाच असतील, तर मधली पोकळी भरत नाही. कोल्हापुरात बसलेला माणूस “अजून आली नाही” एवढेच सांगू शकतो, आणि ही खरे तर खबरच नव्हे. जयसिंगपूर, हातकणंगले आणि रुकडी येथे प्रत्येकी किमान दोन माणसे ठरलेली असावीत, म्हणजे एकाची सुट्टी दुसऱ्याला भरून काढता येते. निमशिरगाव-तमदलगे, वळीवडे आणि गूळ मार्केट येथे कोणी मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास अडून बसू नये.

उघडी राहिलेली खबर

“रुकडीला उभी” असा संदेश सव्वाआठला येतो, गाडी आठ-वीसला सुटते, आणि ते कोणीच लिहीत नाही. साडेआठला फोन उघडणाऱ्यासाठी गाडी अजून रुकडीलाच असते. ज्याने खबर उघडली त्यानेच ती बंद करावी, ही जबाबदारी ठरवून द्यावी. मूळ संदेशालाच उत्तर देऊन “सुटली, ८:२०” असे लिहिले की साखळी जुळते. मूळ संदेश दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्तीला १५ मिनिटांचीच मुदत असते, शिवाय आधी वाचून गेलेल्याला बदल कळत नाही.

“रद्द” हा शब्द

गाडी रद्द झाल्याचे प्रवाशाने ठरवायचे नसते. फलाटावरच्या चर्चेतून आलेला “रद्द” हा शब्द पाच मिनिटांत चार गटांत पोहोचतो, आणि नंतर गाडी आली तरी तो मागे घेता येत नाही. गाडी कोठे आहे ते सांगणारी रेल्वेची एनटीईएस ही ऑनलाइन सेवा, १३९ हा रेल्वे चौकशीचा क्रमांक किंवा स्थानकावरील उद्घोषणा यांपैकी एक आधार असल्याशिवाय हा शब्द कोणी लिहू नये, आणि लिहिताना आधार नमूद करावा.

ब्लॉकच्या (कामासाठी मार्ग बंद ठेवण्याच्या) सूचना फॉरवर्ड करताना आणखी एक खोच असते. लांब पल्ल्याची गाडी रद्द झाल्याची तारीख ही ती मूळ स्थानकातून सुटण्याची तारीख असते. महालक्ष्मी मुंबईहून रात्री निघते आणि सकाळी कोल्हापुरात येते. तेव्हा मुंबईहून सुटणारी गाडी १२ तारखेला रद्द असेल, तर मिरजेहून तिने येणाऱ्याची अडचण १३ तारखेच्या सकाळी होते. धनबादहून येणाऱ्या दीक्षाभूमी एक्सप्रेसच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. सूचनेची मूळ प्रत जशीच्या तशी द्यावी आणि खाली आपल्या स्थानकाची तारीख स्वतंत्रपणे लिहावी.

गटाची बांधणी

सर्वांना लिहिण्याची मुभा असलेला एकच मोठा गट हा सुप्रभात, वाढदिवस आणि भाड्याने खोली यांच्या ओझ्याखाली दबतो. व्हॉट्सअ‍ॅप गटाची मर्यादा १०२४ सदस्यांची आहे, पण माझ्या मते अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. खबर देणाऱ्यांचा लहान गट वेगळा ठेवावा आणि त्यातील नोंदी एका चॅनेलवर टाकाव्यात. चॅनेलवर केवळ अ‍ॅडमिनच लिहू शकतो आणि अनुयायांना एकमेकांचे फोन क्रमांक दिसत नाहीत. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खुल्या गटात रोज त्याच वेळी त्याच डब्यातून खबर देणाऱ्या मुलीचा क्रमांक, तिचे स्थानक आणि तिची वेळ शेकडो अनोळखी माणसांना मिळते. चॅनेलवर टाकताना खबर देणाऱ्याचे नाव काढून टाकावे, आणि लाइव्ह लोकेशन कोणाकडूनही मागू नये.

अपघाताची छायाचित्रे, कर्मचाऱ्यांची नावे आणि “कोणी साखळी ओढली” याच्या चर्चा अ‍ॅडमिनने दुसरा विचार न करता काढून टाकाव्यात.

पुराचे दिवस

जयसिंगपूर आणि मिरजेच्या दरम्यान हा मार्ग कृष्णा ओलांडतो, तर रुकडीजवळ पंचगंगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत येथील वाहतूक बंद ठेवावी लागली होती. अशा काळात नदीचे पाणी पाहून “पुलावरून गाडी जाणार नाही” असे कोणी लिहू नये, आणि “जाईल” असेही लिहू नये. तो निर्णय रेल्वेच्या अभियंत्यांचा असतो. चॅनेलवर अधिकृत सूचनाच टाकावी, एसटीचे मार्ग सुरू आहेत का तेही सोबत द्यावे, कारण पाणी चढले की सांगलीचा रस्ताही बंद होतो आणि वडापही थांबते. वाहतूक पुन्हा सुरू झाल्यावर गाड्या काही दिवस वेगमर्यादेने चालतात. तेवढे दिवस वेळापत्रकाशी तुलना थांबवावी आणि “रुकडी सोडली, ९:०५”, “वळीवडे आली, ९:२०” अशा नोंदी द्याव्यात, म्हणजे त्या दिवसांत दोन स्थानकांमध्ये प्रत्यक्ष किती वेळ लागतो हे मागच्या गाडीतल्यांनाही कळते.