ग्लॅम्पिंगसाठी जागा: आधी पाणी, उतार आणि वाट, तंबू शेवटी

ग्लॅम्पिंग म्हणजे हॉटेलसारख्या सोयी असलेला तंबूतला मुक्काम. त्यातला तंबू दोन-तीन दिवसांत उभा राहतो आणि नाही जमलं तर गुंडाळून दुसरीकडे नेता येतो. बोअरवेल, सेप्टिक टँक, जमिनीखालची केबल आणि रस्ता मात्र जिथे घातले तिथेच राहतात. म्हणून जागा बघताना डोळ्यांपुढे तंबू नको, या चार गोष्टी हव्यात. कड्यावरच्या सूर्यास्तावर भाळून घेतलेली जमीन पुढे टँकरच्या पाण्यावर चालवावी लागते, आणि तो खर्च कधी संपत नाही.

किती जागा लागेल, हे आवाजावर ठरतं. कापडाच्या भिंतीतून कुजबुजही पलीकडे जाते, त्यामुळे दोन तंबूंमध्ये 25 मीटर अंतर धरावं. मध्ये दाट झुडपं किंवा उंचवटा असेल तर 15 मीटर चालतं. झुडपं आवाज फारसा अडवत नाहीत, नजर अडवतात. पण समोरचा दिसत नसला की त्याचा आवाजही कमी खुपतो. 25 मीटरच्या हिशेबाने दहा तंबूंना साधारण पाऊण हेक्टर लागतं. पार्किंग, स्वयंपाकघर, कामगारांच्या खोल्या, सांडपाण्याचं क्षेत्र आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून सोडायचं अंतर धरलं, तर दोन हेक्टर जागा ऐसपैस होते.

जागा तीनदा बघा

एकदा मुसळधार पावसात, एकदा कोरड्या ऋतूच्या अखेरीस भर दुपारी आणि एकदा शनिवारी रात्री. पावसात पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं आणि वाट कुठे चिखलात जाते ते कळतं. कोरड्या दुपारी सावली किती आणि विहिरीत पाणी किती, ते दिसतं. शनिवारी रात्री जवळच्या मंगल कार्यालयाचे लाउडस्पीकर, महामार्गावरचे ट्रक आणि शेजारच्या प्रखर दिव्यांचा उजेड यांचा अंदाज येतो. वारा फिरला की कोंबड्यांच्या फार्मचा किंवा कचरा डेपोचा वास किती लांब येतो, हेही वेगवेगळ्या वेळी गेल्याशिवाय समजत नाही. जवळ दगडाची खाण असेल तर सुरुंगाच्या वेळा विचारून घ्या.

ओढ्याकाठची सपाट जागा सगळ्यात मोहक आणि सगळ्यात फसवी. झाडांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा, खोडांवरची गाळाची रेघ आणि काठापासून दूर पडलेले गोल गुळगुळीत दगड पूर कुठवर आला होता ते सांगतात. जुन्या रहिवाशांना विचारा आणि त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या वरच बांधकाम धरा.

उतार आणि माती

10 मीटरवर दोन काठ्या रोवून, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची टोकं त्यांना धरून उतार मोजता येतो. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत राहतं, म्हणून जमिनीपासून त्याच्या उंचीत पडणारा फरक म्हणजे उतार. 10 मीटरला 20 ते 50 सेंटिमीटर, म्हणजे 2 ते 5 टक्के उतार उत्तम. अगदी सपाट जमिनीवर पाणी साचतं. 10 टक्के उतारावर तंबूखालच्या 6 मीटरच्या लाकडी चबुतऱ्याची एक बाजू 60 सेंटिमीटर उचलावी लागते, ते अजून परवडतं. 20 टक्क्यांवर तीच उंची 1.2 मीटर होते. मग कठडा, पायऱ्या आणि आडवे ताण आले, आणि खर्च तंबूपेक्षा पायावर जास्त होऊ लागतो.

टेकडीच्या माथ्यावर वारा झोडपतो, दरीच्या तळाशी रात्री थंड हवा आणि दव साचतं. मधला उतार बहुधा बरा. पण उतारावर आग खालून वर फार वेगाने धावते. दर 10 अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वनवणव्यांच्या अभ्यासातला ढोबळ नियम आहे. खालच्या अंगाला वाळलं गवत असेल तर त्या बाजूला कापून मोकळा केलेला पट्टा ठेवावाच लागेल.

काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हात तडकते. तिच्यावर उथळ पाया घातला तर चबुतरा वर्षभरात वाकडा होतो. मुरमाड जमीन पायाला आणि निचऱ्याला दोन्हीला चांगली.

पाणी

तंबूला स्वतंत्र न्हाणीघर असेल तर माणशी दिवसाला 150 लिटर धरा. दहा तंबू, वीस पाहुणे म्हणजे 3,000 लिटर. स्वयंपाकघर, कामगार आणि चादरी-टॉवेल धुणं मिळून आणखी 1,000 लिटर. म्हणजे रोज 4,000 लिटर हवेत. साठा तीन दिवसांचा, 12,000 लिटरचा ठेवा, कारण पंप जळतो तो नेमका गर्दीच्या दिवशी. टाक्या सगळ्यात वरच्या न्हाणीघरापेक्षा 10 मीटर उंचावर बसल्या तर 1 बार दाब आपोआप मिळतो आणि वीज गेली तरी शॉवर चालतो.

बोअरचं पाणी पावसाळ्यानंतर मोजून उपयोग नाही. कोरड्या ऋतूच्या शेवटी सलग 24 तास पंप चालवून पातळी किती खाली जाते आणि बंद केल्यावर किती वेळात परत येते, ते लिहून ठेवा. प्रयोगशाळेत जिवाणू, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि कठीणपणा तपासून घ्या. कठीण पाण्याने गिझर आणि शॉवरची भोकं क्षारांनी बुजतात. लोह जास्त असेल तर पांढऱ्या चादरींवर पिवळट डाग पडतात.

सांडपाणी: इथेच बहुतेक योजना अडतात

शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, करायचा त्या ठिकाणी, त्याच खोलीवर 30 सेंटिमीटर रुंद खड्डा घ्या. तो रात्रभर पाण्याने भिजू द्या. दुसऱ्या दिवशी त्यात 15 सेंटिमीटर पाणी ओता आणि पातळी 2.5 सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. 2 ते 30 मिनिटं लागली तर ठीक. 30 मिनिटांवर गेलं तर शोषखड्डा तुंबेल, पाणी मुरवायला लांब चर (शोषचर) लागतील. 60 मिनिटांच्या पुढे त्या जमिनीत पाणी मुरवण्याचा विचार सोडून द्या. मिनिटभरातच पाणी गायब झालं तर आनंद मानू नका, कारण मग सांडपाणी न गाळताच भूजलात उतरतं. ही निचरा चाचणी तीन-चार ठिकाणी करा. एका खड्ड्यावरून अख्ख्या जमिनीचा निकाल लावू नये.

शोषखड्डा विहीर-बोअरपासून निदान 30 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. पावसाळ्यात भूजल वर येतं, तेव्हाही खड्ड्याचा तळ त्याच्या 1.5 ते 2 मीटर वर राहिला पाहिजे.

सेप्टिक टँक किमान दोन दिवसांचं पाणी मावेल एवढा घ्या. सगळं पाणी त्यातच सोडायचं असेल तर 8,000 लिटर, शिवाय तळाच्या गाळासाठी जागा. पण शनिवारी सकाळी वीसही जण तासाभरात अंघोळ करतात. तो लोंढा टाकीतला गाळ ढवळतो आणि घन कण शोषखड्ड्यात ढकलतो. खड्डा अकाली मरण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून अंघोळीचं पाणी वेगळं काढून 60 सेंटिमीटर खोल खडीच्या, वनस्पती लावलेल्या वाफ्यातून फिरवा. स्वयंपाकघराच्या पाण्याला आधी तेलसापळा, म्हणजे तेल-तूप अडवणारी छोटी टाकी, हवाच. शौचालयात ॲसिड आणि कडक जंतुनाशक ओतलं की टाकीतले उपयोगी जिवाणू मरतात, हे सफाई कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

कागद

तंबू तात्पुरता आहे, त्याला परवानगी लागत नाही, हा गैरसमज महागात पडतो. चबुतरा, शौचालय आणि व्यवसायासाठी जमिनीचा वापर यांना बहुतेक ठिकाणी मंजुरी लागते. जंगल, नदी, किनारा किंवा संरक्षित क्षेत्राजवळ नियम अधिक कडक असतात. सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड बसवून घ्या. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर तोंडी होकार पुरत नाही. तो हक्क, वाटेच्या रुंदीसकट, नोंदणीकृत दस्तात हवा. भाडेपट्टा 10-15 वर्षांपेक्षा कमी असेल तर जमिनीखाली पैसे पुरू नका. विसार देतानाच करारात अट घाला: पाणी, निचरा चाचणी आणि परवानगी यांपैकी एक जरी फिसकटलं तरी रक्कम परत.

रस्ता आणि वीज

अग्निशमन गाडी, बोअरची गाडी आणि सेप्टिक टँक उपसणारा टँकर आत आला पाहिजे. त्यासाठी 3.5 ते 4 मीटर रुंदी, फांद्यांखाली 4.5 मीटर मोकळी उंची आणि चढ 12 टक्क्यांच्या आत. वरची माती 20-30 सेंटिमीटर काढून दगड-खडीचा थर, त्यावर मुरूम, रोलर, मधोमध थोडा उंचवटा आणि कडेला चर. सखल जागी रस्त्याखालून पाणी जायला मोरी घातली नाही तर पहिलाच जोरदार पाऊस रस्ता कापून नेतो. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाजवळच थांबवा.

विजेत लोक लांबी विसरतात. 150 मीटरवरच्या तंबूला 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल नेली आणि 20 अँपिअर भार आला, तर 230 व्होल्टपैकी सुमारे 18 व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे 8 टक्के. 16 चौरस मिलिमीटरच्या केबलने घट 7 व्होल्टवर येते. केबल 60 सेंटिमीटर खोल पुरा, तिच्या वर इशारापट्टी टाका. प्रत्येक तंबूला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग द्या.

चबुतरा आणि तंबू

5 मीटर व्यासाच्या तंबूला 6 मीटरचा चबुतरा पुरतो. खांबांच्या काँक्रीट पायावर लाकडाचं टोक धरणारे लोखंडी बूट बसवून लाकूड जमिनीपासून 15 सेंटिमीटर वर ठेवा. आडव्या तुळया 40 सेंटिमीटरवर, फळ्यांत 5 मिलिमीटर फट. तंबू ताणून धरणाऱ्या दोरांचे हुक फळीला स्क्रूने न लावता तुळईतून आरपार बोल्टने घट्ट करा. वादळात तंबू शिडासारखा फुगतो आणि फळीसकट उचलला जातो. आणखी एक चूक सर्रास होते: चबुतरा तंबूपेक्षा मोठा आणि एकाच पातळीत. बाहेरच्या फळ्यांवर पडलेलं पाणी कापडाखालून आत शिरतं. तंबूखालचा भाग 4-5 सेंटिमीटर उंच ठेवला की हा प्रश्न मिटतो.

मोठ्या झाडाच्या बुंध्याच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येत खोदकाम, भराव किंवा जड गाडी नको. मुळं दबलेलं झाड लगेच वाळत नाही, काही वर्षांनी वाळतं, आणि तोवर त्याखाली पाहुणे झोपत असतात.

पहिल्या टप्प्यात तीन-चारच तंबू लावा, पण मुख्य पाइप, केबल आणि टाक्या दहांच्या मापाने घाला. चर बुजवण्याआधी टेप ठेवून फोटो काढा आणि प्रत्येक जोडाचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून मोजून नकाशावर लिहा. पाइप फुटल्यावर अर्धी जमीन उकरायची वेळ येत नाही.