दोन क्लिपमधला सांधा: ट्रान्झिशन नीट बसवायचं कसं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत (रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवतात ते मोठे पुतळे) निघाली की नागपुरातल्या कितीतरी फोनमध्ये मिरवणुकीचे तुकडे साठतात. ते जोडायला बसलं की पहिला मोह होतो तो प्रत्येक जोडावर काहीतरी फिरवण्याचा: पान उलटणं, चौकोन गरगरणं, बदामाच्या आकारात उघडणारी चौकट. जुन्या लग्नाच्या कॅसेटींत ते खपून गेलं. मिरवणुकीला बहुतेक ठिकाणी साधा कट, म्हणजे एक क्लिप संपताच थेट दुसरी, पुरतो. जिथे जागा किंवा वेळ बदलते, तिथेच ट्रान्झिशन, म्हणजे एका क्लिपमधून दुसरीत नेणारा इफेक्ट, लावा. खाली डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती धरली आहे. प्रीमिअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं वेगळी असली तरी काम तेच.

आधी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात तो आकडा. फोन बहुधा सेकंदाला 30 फ्रेमने शूट करतो, तर प्रोजेक्ट सेटिंगमध्येही 30 ठेवा. क्लिप आत घेतल्यावर हा आकडा सहसा बदलता येत नाही, म्हणून हे पहिलं काम.

आता एडिट पेजवर टाइमलाइनमध्ये, म्हणजे क्लिप ओळीने मांडल्या जातात त्या पट्टीत, दोन क्लिप जिथे भिडतात तिथे क्लिक करा आणि कंट्रोल-टी दाबा. एक सेकंदाचा क्रॉस डिझॉल्व्ह लागेल, म्हणजे पहिलं चित्र दुसऱ्यात विरघळेल. किंवा लागणार नाही, आणि क्लिप ट्रिम करू का असं सॉफ्टवेअर विचारेल. बरेचजण न वाचता ‘हो’ म्हणतात आणि मग व्हिडिओ आखडला कसा, याचा शोध घेत बसतात.

भानगड हँडलची, म्हणजे कटच्या पलीकडे क्लिपचा जो न वापरलेला भाग शिल्लक असतो त्याची, असते. डिझॉल्व्ह चालू असताना दोन्ही चित्रं एकाच वेळी पडद्यावर असतात. म्हणजे पहिली क्लिप कटच्या पुढेही थोडी चालायला हवी आणि दुसरी कटच्या आधीच सुरू व्हायला हवी. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध बसवायचा तर दोन्ही बाजूंना 15-15 फ्रेम शिल्लक लागतात. फोनवरची क्लिप तुम्ही शेवटच्या फ्रेमपर्यंत वापरली असेल, तर पुढे काही उरतच नाही. एक उपाय म्हणजे दोन्ही क्लिप थोड्या आत ओढून घेणं. दुसरा अलाइनमेंट, म्हणजे डिझॉल्व्ह कटच्या कोणत्या बाजूला बसतो ते, बदलण्याचा: पहिल्या क्लिपला पुढे शिल्लक नसेल तर ‘एंड ऑन एडिट’, दुसरीला आधी शिल्लक नसेल तर ‘स्टार्ट ऑन एडिट’. दोघींनाही नसेल, तर कापण्यावाचून गत्यंतर नाही.

हँडल आहे एवढ्यावर समाधान मानू नका, त्यात काय आहे तेही पाहा. रेकॉर्डिंग थांबवताना हात खाली येतो, त्यामुळे क्लिपच्या शेवटी रस्ता आणि चपला असतात. नेहरू पुतळ्यापाशी दोन्ही मारबतींची भेट होते तो क्षण विरघळताना मध्येच त्या चपला तरळल्या की सगळा थाट गेला. अशा वेळी कटच एक सेकंद अलीकडे घ्या.

लांबी बदलायला ट्रान्झिशनची कड माउसने ओढा. नेमका आकडा हवा असेल तर ट्रान्झिशनवर डबल क्लिक करा. इन्स्पेक्टर उघडेल, तिथे ड्युरेशनमध्ये फ्रेम लिहा. गर्दीच्या दृश्यांत 8 ते 12 फ्रेम पुरे. सकाळची तयारी संपून मिरवणूक सुरू होते, असा वेळ सरकलेला दाखवायचा असेल तर एक-दीड सेकंद शोभतो. गर्दीवर गर्दी विरघळवू नका, चेहऱ्यांचा नुसता चिखल होतो. एकीकडे भरलेली चौकट आणि दुसरीकडे मोकळी, म्हणजे बडग्यांची (मिरवणुकीतल्या इतर पुतळ्यांची) रांग आणि मग मारबतीच्या डोक्यावरचं आभाळ, असं असेल तर डिझॉल्व्ह खुलतो. इन्स्पेक्टरमध्येच ‘ईज’चा पर्याय आहे. ‘इन अँड आउट’ केलं की बदल हळू सुरू होऊन हळू थांबतो. लांब डिझॉल्व्हला त्याने फरक पडतो, छोट्याला नाही.

मारबत बनवणाऱ्या कारागिराची मुलाखत कापताना मधले अडखळणारे शब्द काढले की चेहरा टुणकन उडी मारतो. तिथे ‘स्मूथ कट’ हे उडी लपवणारं ट्रान्झिशन 2 ते 6 फ्रेमचं लावून पाहा. कॅमेरा स्थिर आणि मान फारशी हललेली नसेल तरच जमतं. एरवी ओठ रबरासारखे ताणले जातात. मग त्यापेक्षा मध्ये त्याच्या हातांचं दृश्य टाकलेलं बरं.

आणि आवाज. खरं तर लोकांना जोड दिसण्याआधी ऐकू येतो. ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी अर्ध्यावर कापली की कितीही सुंदर डिझॉल्व्ह असो, खटकतंच. म्हणून आवाजाचा कट चित्रापासून वेगळा करा: क्लिपच्या चित्राचा आणि आवाजाचा लिंक काढा आणि पहिल्या क्लिपचा आवाज आरोळी संपेपर्यंत दुसऱ्या चित्राखाली वाहू द्या. पुढच्या आवाजाशी तो जिथे भिडतो तिथे शिफ्ट-टी दाबलं की फक्त आवाजाचं ट्रान्झिशन लागतं. दोन वेगळ्या ठिकाणचे ढोल एकमेकांत मिसळताना मध्येच आवाज खाली बसतो असं वाटलं, तर क्रॉसफेडचा (आवाजाच्या या ट्रान्झिशनचा) प्रकार ‘प्लस 3 डीबी’ करा. ताल जुळत नसेल तर मात्र क्रॉसफेड अगदी तोकडा ठेवा, नाहीतर दोन ठेके एकमेकांवर आदळतात.

ट्रान्झिशनवरून जाताना प्लेबॅक अडकतो म्हणून लगेच ते काढून टाकू नका. बहुधा कॉम्प्युटर दमलेला असतो. प्लेबॅक मेन्यूतून रेंडर कॅश (जड भाग आधीच तयार करून ठेवण्याची सोय) ‘स्मार्ट’ करा, टाइमलाइनवरची लाल रेघ निळी होईपर्यंत थांबा आणि मग पुन्हा पाहा.