फराळाच्या पानाचं शीर्षक: घटस्थापनेआधीची तयारी

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी वेबसाइटवरून हव्या असतील, तर पानांची शीर्षकं, म्हणजे गूगलवर शोधल्यावर पानाच्या नावाची जी मोठी ओळ दिसते ती, घटस्थापनेच्या आधी बदलून ठेवा. बदललेलं पान गूगल पुन्हा वाचतं ते कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी. वसुबारसेला हात घातला तर उशीर झालेला असतो.

लिहायला बसण्याआधी गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐका. माझी मावशी गिरगावात फराळ करून विकते. तिच्या पानाचं शीर्षक होतं ‘परंपरेचा गोडवा’. वाचायला गोड, पण हे शब्द टाकून चकली कोण शोधणार? मग आम्ही तिच्या फोनवरचे जुने मेसेज वाचत बसलो. ‘भाजणीची चकली अर्धा किलो कितीला?’ ‘दादरला घरपोच द्याल का?’ ‘करंजी ओल्या नारळाची की सुक्या?’ शीर्षकाला लागणारे शब्द सगळे तिथेच होते. वेबसाइट जुनी असेल तर सर्च कन्सोल हे वेबसाइटवाल्यांसाठीचं गूगलचं साधनही उघडा. कोणत्या शब्दांवर आपलं पान दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं, हे तिथे फुकट कळतं. वरच्या क्रमांकावर दिसूनही क्लिक होत नसेल, तर आधी त्याच पानाचं शीर्षक हातात घ्या.

प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक द्या. ‘होम’ कुठे राहिलं असेल तर काढा, आणि गेल्या दिवाळीचं सालही.

गूगलने अक्षरांची मर्यादा ठरवलेली नाही, पण जागा संपली की मागचे शब्द कापले जातात. इंग्रजीत बरेच जण 60 अक्षरांच्या आत राहतात. देवनागरीत काना-मात्रा मोजत बसू नका, मोबाइलवर शोधून डोळ्यांनी बघा. दादरच्या फलाटावर धावत आलेला माणूस इंडिकेटरवर आधी गाडी कुठली ते पाहतो, तसं पदार्थाचं नाव सगळ्यात पुढे हवं. मग भाग, आणि दुकानाचं नाव शेवटी. मावशीचं आता ‘भाजणीची चकली घरपोच, गिरगाव ते दादर’ असं आहे. ‘चकली, चकली मुंबई, बेस्ट चकली’ अशी माळ लावू नका, वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

पानावरचं मोठं मथळ्याचं वाक्यही शीर्षकाशी जुळतं ना, ते तपासा. ऑगस्ट 2021 मध्ये गूगलने शीर्षक दाखवायची पद्धत बदलली. आपलं शीर्षक पानाला शोभत नाही असं वाटलं, तर ते पानावरचाच दुसरा मजकूर उचलून दाखवतं.

आणि जे देता तेवढंच लिहा. ‘संपूर्ण मुंबईत घरपोच’ वाचून बोरिवलीहून कुणी मोठ्या आशेने फोन केला आणि त्याला नाही म्हणावं लागलं, तर ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. मावशीला हे फार लागतं, मलाही.

बदल केला की जुनं शीर्षक, नवं शीर्षक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. महिनाभराने सर्च कन्सोलचे आकडे वहीच्या त्याच पानावर उतरवा.