तर्काचे कोडे घालताना हिंट कशी द्यावी

तर्काच्या कोड्यांची बैठक जमवायची असेल तर चार ते सहा जण पुरेत. त्याहून अधिक झाले की दोघेच सोडवतात आणि बाकीचे मोबाइल चाळत बसतात. नागपुरात उन्हाळ्यात रात्री नऊनंतरची गच्ची यासाठी उत्तम, कारण खोलीत कूलरच्या घरघरीत कोड्यातली एखादी अट हमखास कुणाच्या तरी कानावरून निसटते. रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावाच्या गर्दीत तर हा बेत करूच नये. शब्दांच्या खेळावर बेतलेली फसवी कोडीही या बैठकीत आणू नयेत. एकदा फसवणूक झाली की पुढच्या प्रत्येक कोड्यात माणसे तर्क सोडून खोड शोधू लागतात.

सुरुवात वाघ, शेळी आणि गवताचा भारा होडीतून नदीपलीकडे नेण्याच्या कोड्याने करावी. सर्वांना ते ठाऊक असले तरी हरकत नाही. युरोपात हेच कोडे लांडगा, शेळी आणि कोबी या रूपात अल्क्विन या विद्वानाच्या नावावर असलेल्या लॅटिन संग्रहात सापडते, म्हणजे ते हजार वर्षांहून जुने आहे. त्याची खरी किल्ली अशी की पलीकडे नेलेली शेळी एकदा परत आणावी लागते.

त्यानंतर पुलाचे कोडे घालावे. चौघांना रात्री एक पूल ओलांडायचा आहे आणि त्यांना एकट्याने पलीकडे जायला अनुक्रमे 1, 2, 5 आणि 10 मिनिटे लागतात. पुलावर एका वेळी दोघांहून अधिक जण चालू शकत नाहीत, जोडी हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालते, टॉर्च एकच आहे, तिच्याशिवाय कुणी पुलावर पाऊल टाकू शकत नाही आणि ती फेकता येत नाही. सर्वांनी कमीत कमी किती वेळात पलीकडे जावे? या सर्व अटी दोनदा सांगाव्यात आणि एकाकडून वदवून घ्याव्यात. मी एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी व टॉर्च म्हणून काडेपेटी सर्वांच्या मधोमध ठेवतो. नाण्यावरचा आकडा म्हणजेच मिनिटे, त्यामुळे कागद लागत नाही.

आता खरी अवघड पायरी येते, ती म्हणजे हिंट देणे. मला सर्वांत जास्त काळ याच पायरीने छळले. बहुतेक जण 19 मिनिटांवर येऊन थांबतात: एक रुपयाचे नाणे प्रत्येकाला पोहोचवून येते, म्हणजे 10, 1, 5, 1 आणि 2. यापेक्षा कमी होऊच शकत नाही, असे ते ठामपणे सांगतात. अशा वेळी ‘पाच मिनिटांत जमले नाही तर उत्तर सांगून टाकावे’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला मुळीच मान्य नाही, कारण सांगितलेले उत्तर ऐकून माणूस फक्त मान डोलावतो. उत्तराचा पहिला तुकडा हिंट म्हणून देणे त्याहून वाईट. ‘आधी 1 आणि 2 पाठवा’ म्हटले की उरलेले काम निव्वळ बेरजेचे होते.

हिंट उत्तराकडे बोट दाखवणारी नसावी, अडलेल्या माणसाने नकळत धरून ठेवलेल्या गृहीतकाकडे बोट दाखवणारी असावी. म्हणून आधी त्याला नाणी सरकवत आपला मार्ग मोठ्याने सांगायला लावावे आणि मध्ये तोंड उघडू नये. तो ‘परत तर सर्वांत वेगवान माणूसच येणार’ असे म्हणताच गृहीतक हाती लागते. मग एवढेच विचारावे, ‘पाच आणि दहा वेगवेगळे गेले तर त्या दोघांचे मिळून किती मिनिटे खर्च होतात?’ पंधरा, असे तो म्हणतो, दोन्ही नाणी एकत्र सरकवतो आणि लगेच अडतो, कारण आता काडेपेटी परत आणायला पलीकडे वेगवान कुणीच नाही. इथे मुळीच बोलू नये. फारच वेळ गेला तर शेळीची आठवण करून द्यावी. 1 आणि 2 पलीकडे, 1 परत, 5 आणि 10 पलीकडे, 2 परत, शेवटी पुन्हा 1 आणि 2: एकूण 17 मिनिटे.

ज्याला आधी सुटले त्याला गप्प बसवणे कठीण जाते. त्याला ‘16 मिनिटांत का शक्य नाही ते सिद्ध कर’ असे काम द्यावे. इतरांचे होईपर्यंत तो त्यात गुंततो.

सर्वांचे सुटल्यावर दोन रुपयांचे नाणे उचलून त्या जागी 4 मिनिटे लागणारा माणूस उभा करावा. युक्ती पाठ केलेला 23 मिनिटे सांगेल, पण इथे 1 ने प्रत्येकाला पोहोचवून येण्याचा साधा मार्गच 21 मिनिटांत संपतो.